आईंच्या पानावरचं शून्य

नीलम चुरीच्या घरात हे सगळं सुरू झालं एका साध्या प्रश्नावरून. जून महिन्याच्या वीस तारखेला तिने नवऱ्याला विचारलं, "पैसे गेले कुठे?" आणि शैलेश पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "खर्च झाले."

या उत्तराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात दोन सरकारी पगार. शैलेश डहाणू रोडला रेल्वेच्या सिग्नल विभागात, नीलम तलासरीच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक. शिवाय सासूबाईंना, वसुमतीबाईंना, सासऱ्यांच्या मागे रेल्वेचं पेन्शन. मुलगी रोशनी पुण्याला शिकत होती, पण तिची फी आणि हॉस्टेल आधीच भरून झालेलं. तरीही वीस तारीख उलटली की घरखर्चाच्या खात्यात खडखडाट. आणि खडखडाट का, हे तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

"खर्च झाले, हे मलाही कळतं. कशावर झाले?"

"घरावर," शैलेश म्हणाला.

नीलमने त्याच रविवारी लॅपटॉप उघडला. ऑफिसात ती याच कामासाठी प्रसिद्ध होती. कुणाची बेरीज जुळेना, कुणाची यादी लागेना, की "नीलमताई, जरा या ना" अशी हाक आलीच. अख्ख्या तालुक्याच्या याद्या सरळ करणाऱ्या बाईला तीन माणसांचा खर्च काय जड? तिने शीट केली. तिघांना तीन पानं: शैलेश, नीलम, आई. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, प्रकार, तपशील, रक्कम. आणि सगळ्यांच्या वर एक पहिलं पान, बेरजेचं. त्यात तिने अशी सूत्रं बसवली की तारीख अमुक महिन्यातली असेल आणि प्रकार अमुक असेल, तेवढीच रक्कम उचलून बेरजेत घ्यायची. दूध किती, भाजी-मासळी किती, औषध किती, पेट्रोल किती, कुणी किती केलं, महिन्याच्या महिन्याला आपोआप समोर. तिघांच्या मोबाइलवर तीच शीट.

नियमही तिने तिथल्या तिथे सांगितला. "ज्याने त्याने आपल्या खिशातून खर्च करायचा, इथे लिहायचा. महिनाअखेर शीट जेवढे दाखवेल तेवढे मी खात्यातून ज्याचे त्याला देणार. लिहिलं तर मिळणार, नाही लिहिलं तर नाही."

"माझ्या वहीत काय वाईट होतं?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"वहीत प्रकारवार बेरीज होत नाही, आई."

"मासळीला किती गेले ते मी वही न उघडता सांगते."

"तुम्ही सांगाल. पण तुमच्याशिवाय कुणाला कळायला नको?"

वसुमतीबाईंना पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

पहिला महिना जुलै, आणि पहिला ताप शैलेशने दिला. महिनाअखेर नीलमने पाहिलं तर त्याचा अर्धाअधिक खर्च बेपत्ता, आणि राहिलेला भलत्याच महिन्यांत विखुरलेला. पाच जुलैचं पेट्रोल मे महिन्यात! ती कपाळ धरून शोधत बसली तेव्हा उलगडा झाला. शैलेशने तारीख हाताने टाकली होती, आधी दिवस मग महिना, जशी आपण सगळेच लिहितो. शीट मात्र अमेरिकन रीतीने आधी महिना धरून बसलेली. पाचव्या दिवसाचा तिने पाचवा महिना केला. आणि तेरा तारखेपासून पुढे तिला काही कळेचना, कारण तेरावा महिना ती कुठून आणणार?

"बारा तारखेनंतरचं तुझं काही धरलंच नाहीये तिने," नीलम म्हणाली.

"मग मी काय करू? महिन्याचे बाराच दिवस खर्च करू?"

"आणि हे काय? एकदा 'पेट्रोल', एकदा 'गाडी', एकदा नुसतं 'तेल'. मी ते तेल स्वयंपाकाचं समजून किराण्यात शोधतेय!"

"गाडीला काय फोडणी देतात का? कळायला नको?"

"शीटला नाही कळत, शैलेश! शीटला अक्षर न् अक्षर सारखं लागतं!"

अख्खा रविवार त्यात गेला. तिने शीटला भारतातल्या तारखा शिकवल्या, हाताने लिहायची भानगड नको म्हणून कॅलेंडर लावलं, प्रकारांची यादी बांधून दिली म्हणजे बोट लावून निवडायचं. वसुमतीबाईंचा जुलै तिने स्वतःच चढवला होता. त्या कागदावर लिहून ठेवत, नीलम रविवारी टाइप करी. पण ऑगस्ट लागला तशी ती म्हणाली, "आई, आता तुम्हीच लिहायला लागा. मला सकाळी आठची एसटी असते, घरी यायला सात वाजतात, माझ्याच्याने होत नाही."

"मला ती इंग्रजी अक्षरं जमत नाहीत."

"एवढंच ना?" नीलमने त्यांचा मोबाइल घेतला आणि दोन मिनिटांत मराठी कीबोर्ड लावून दिला. "घ्या. आता वहीसारखंच लिहा."

एकतीस ऑगस्टला रात्रीच्या जेवणाआधी तिने पहिलं पान उघडलं. शैलेशचे नऊ हजार आठशे साठ. तिचे सात हजार तीनशे चाळीस. आई, शून्य.

नीलम त्या शून्याकडे बघत राहिली. म्हणजे महिनाभरात एक ओळ लिहिली नाही! कीबोर्ड लावून दिला, प्रकार निवडायची सोय केली, आणि यांचा हट्ट काही सुटत नाही. वही श्रेष्ठ, सून मूर्ख. तिला इतका राग आला, की आईंचं पान उघडून बघावं असंसुद्धा तिला वाटलं नाही. जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे बघायचं काय?

जेवताना ती शक्य तेवढ्या थंड आवाजात म्हणाली, "आई, तुमच्या पानावर शून्य आलंय."

वसुमतीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "पाहिलं मी."

"पाहिलंत ना?"

"पाहिलं. भात वाढू?"

बस्स, एवढंच. नीलमने दुसऱ्या दिवशी शैलेशला त्याचे पैसे दिले, आपले घेतले, आईंना काही दिलं नाही. नियम म्हणजे नियम. आज ना उद्या येतील, मागतील, तेव्हा सांगता येईल की लिहीत जा. वसुमतीबाई आल्या नाहीत. दूध येत राहिलं, मासळी शिजत राहिली, देवापुढे फुलं येत राहिली, आणि पैशाचा विषय कुणी काढला नाही.

सप्टेंबरअखेरीसही तेच. शून्य.

या वेळी शैलेशने तोंड उघडायचा प्रयत्न केला. "देऊन टाक ना तिला. किती म्हणून असतील?"

"मला पैशाचं काही नाही. त्यांनी लिहावं."

"ती लिहिते म्हणत होती..."

"मग शून्य कसं येईल? शीट खोटं बोलते?" नीलम कडाडली. "तू मध्ये पडू नकोस. प्रत्येक वेळी तू मध्ये पडतोस म्हणूनच या घरात कुठली शिस्त लागत नाही."

शैलेश मध्ये पडला नाही.

ऑक्टोबरात वसुमतीबाईंच्या भजनी मंडळाची सोमनाथ-द्वारकेची यात्रा निघायची होती. वर्षभर त्या यात्रेची वाट बघत होत्या. साडेनऊ हजार भरायचे होते. भरायच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी काही जात नाही. गुडघे साथ देत नाहीत." सकाळी बाजारात तरातरा जाऊन आलेल्या बाईचे गुडघे संध्याकाळी साथ देईनासे झाले, हे नीलमला नवलच वाटलं. नाटकं, ती मनात म्हणाली. शनिवारी पहाटे मंडळाची बस वसुमतीबाईंना न घेता निघाली.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी नीलमच्या टेबलापाशी जयवंती आली. जयवंती नव्यानेच लागलेली डेटा ऑपरेटर, डोंगराकडच्या पाड्यातली, कामाला चपळ. कुठल्या गावाला किती रोपं दिली त्याची यादी तिने चढवली होती.

"ताई, बघा ना. दोन तास झाले. सगळं बरोबर भरलंय, पण बेरीज शून्यच येते."

नीलमने स्क्रीनकडे नजर टाकली आणि हसली. "अगं, आकडे मराठीत टाकलेस. आपल्याला तो आकडा दिसतो, पण शीटला ते अक्षर वाटतं. 'क' आणि 'ख' ची बेरीज होईल का? तसंच. ती ओरडत नाही, चूक दाखवत नाही, नुसती सोडून देते आणि खाली शू..."

ती थांबली.

"खाली काय, ताई?"

नीलमने खुर्ची मागे सारली, मोबाइल काढला, घरची शीट उघडली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच आईंच्या पानावर बोट ठेवलं.

पान भरलेलं होतं. वरपासून खालपर्यंत.

३ ऑगस्ट, भाजी-मासळी, सुके बोंबील, १८०. नारळी पौर्णिमा, नारळ तीन आणि गूळ, १९५. दूध, आठवड्याचं, ४६२. भाजी-मासळी, वरोरची मासळीवाली मावशी वाढवण बंदराच्या मोर्चाला गेली म्हणून आज अंडी, ८४. चिकू, शेजारच्या वाडीतले, पैसे घेतले नाहीत, ०. औषध, नीलमच्या टाचांच्या भेगांना मलम, ९५. एक दिवस चुकलेला नाही. जिथे रक्कम दुरुस्त केली होती तिथे तपशिलात तसं लिहिलेलं होतं: आधी २५० म्हणाली, २२० ला दिली.

ते मलम तिला आठवलं. सप्टेंबरात एकदा ती टाचा दुखतात म्हणून कुरकुरली होती. दुसऱ्या दिवशी मलम तिच्या उशाशी होतं. शैलेशने आणलं असेल असं ती धरून चालली होती.

तिने कॅल्क्युलेटर काढला आणि सप्टेंबरअखेरपर्यंत ओळीमागून ओळ बेरीज केली. शाळेतल्या मुलीसारखी, दोनदा. तेरा हजार सहाशे दहा.

"ताई, बरं नाही वाटत का?" जयवंतीने विचारलं.

"मी गाढव आहे," नीलम म्हणाली.

"म्हणजे शीटला मराठी येत नाही, असंच ना?" जयवंतीने चाचरत विचारलं.

"शीटला नाही येत. आणि मला येतं, पण मी वाचलं नाही."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. एसटीला वेळ होता म्हणून हायवेवर भाड्याची इको गाडी पकडली, तर ती चारोटीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत पाऊण तास अडकली. त्या पाऊण तासात नीलमने सगळ्यांवर राग काढून पाहिला. शीट बनवणाऱ्यांवर, कीबोर्डवर, एक शब्द न बोलणाऱ्या सासूवर. प्रत्येक राग फिरून घरी येऊन बसत होता, तिच्याच दारात. कीबोर्ड कुणी लावला? तिनेच. नियम कुणी केला? तिनेच. पान कुणी उघडलं नाही?

वसुमतीबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. हातात मोबाइल. मंडळाच्या बायकांनी सोमनाथहून फोटो पाठवले होते, समुद्राकडे पाठ करून ओळीने उभ्या.

"लवकर आलीस?"

"आई, तुम्ही रोज लिहीत होतात?"

"मग? तू सांगितलं होतंस ना?"

"मग शून्य आलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तूच बोललीस की. जेवताना. तुमच्या पानावर शून्य आलंय म्हणालीस. मी म्हटलं, पाहिलं."

"अहो पण... शून्य का आलं, असं तरी विचारायचं!"

वसुमतीबाईंनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "विचारायचं काय त्यात? शैलेशला पैसे दिलेस, तू घेतलेस, मला नाही दिलेस. मी समजले. मला पेन्शन येतं, तर या घरात खाते त्याचं मी माझं बघावं, असं तुझं म्हणणं असणार. तोंडावर सांगायला जड जातं म्हणून मशीनकडून सांगितलंस."

"मी असं कधी म्हणेन का?"

"शिकलेली माणसं असंच म्हणतात."

नीलम मटकन ओट्यावर बसली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती, कुणाची ते कळत नव्हतं. तिने जयवंतीला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. मराठी आकडे, अक्षरं, शीट कशी गुपचूप सोडून देते ते. वसुमतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी दोन महिने लिहिलेलं तिला दिसतच नव्हतं?"

"हो."

"आणि तुला?"



"मला वाटलं तुम्ही हट्टाने लिहीत नाही आहात," नीलम म्हणाली.

"आणि मला वाटलं तू वाचूनही पैसे देत नाहीस." वसुमतीबाईंनी पदराने चष्मा पुसला. "मीही हट्टीच. नाही असं नाही. मागून घ्यायचं नाही म्हणजे नाही, असं ठरवलं होतं मी."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय! पैसे तुझ्या मासळीत गेले, तर साडेनऊ हजार आणू कुठून?"

"चुकलं माझं, आई."

"चूक दोघींची. पण सोमनाथ माझं गेलं."



तेवढ्यात शैलेश ड्यूटीवरून आला आणि दोघींना अशा बसलेल्या बघून दारातच थबकला. नीलमने सगळा उरलासुरला राग त्याच्यावर ओतला. "तुला माहीत होतं ना, आई लिहितात ते? खर्च त्या पेन्शनमधून करतात ते?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ती म्हणाली, तिला काही बोलू नकोस. तू म्हणालीस, मध्ये पडू नकोस." शैलेशने बूट काढले. "मी दोघींचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं ऐकलं, तर त्यातही माझीच चूक."

वसुमतीबाईंना हसू आलं. नीलमला नाही आलं.

तिने तिथल्या तिथे तेरा हजार सहाशे दहा आईंच्या खात्यात वळते केले. वसुमतीबाई आत गेल्या आणि जुनी वही घेऊन आल्या. वही त्यांनी बंद केलीच नव्हती. "माझ्याकडे तेरा हजार सहाशे पन्नास आहेत," त्या म्हणाल्या. चाळीस रुपयांचा फरक. मग दोघी ओट्यावर वही आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवून बसल्या, आणि दिवा लावायची वेळ होईपर्यंत ते चाळीस रुपये शोधत राहिल्या. सतरा सप्टेंबरचं दही. वहीत होतं, शीटवर चढवायचं राहिलं होतं.

"उद्यापासून इंग्रजी आकडे टाकते," वसुमतीबाई म्हणाल्या. "ते बोट दाबून धरलं की येतात ना? शिकव."

"नाही," नीलम म्हणाली. "तुम्ही लिहिता तसंच लिहा. मी बघते त्या शीटकडे."

दुसऱ्या दिवशी तिने डबा न उघडताच जेवणाची सुट्टी घालवली. सूत्राला सांगायचं होतं की १ दिसला तर तो एक समज, २ दिसला तर दोन, असं शून्यापासून नवापर्यंत दहा वेळा, एकात एक, एकात एक. कंस तीनदा चुकले. एकदा सगळ्या सातांचे नऊ झाले आणि दूध एकदम श्रीमंतांचं झालं. जयवंती शेजारी उभी राहून कंस मोजत होती, आणि शेवटी हरवलेला कंस तिनेच दाखवला. बेरीज लागली तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबर मिळून तेरा हजार सहाशे पन्नास आले, दह्यासकट.

पण घरातलं वातावरण एका सूत्राने सुधारलं नाही. मंडळाच्या बायका परत आल्या, प्रसादाच्या पुड्या घेऊन एकेक घरी आली, आणि प्रत्येकीने द्वारकेच्या आरतीचं वर्णन केलं. प्रत्येक वर्णनानंतर वसुमतीबाई तासभर कुणाशी बोलत नसत. दोनदा भाजीत मीठ पडलं नाही. नीलमने ती भाजी मुकाट्याने खाल्ली. शैलेशने तोंड उघडलं, तर तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

एकतीस ऑक्टोबरला तिने पहिलं पान उघडलं. आता ती सवयीने तिन्ही पानं ओळ न् ओळ वाचून मगच बेरजेकडे वळायची, पण त्या दिवशी एसटीत उभ्याने प्रवास झाला होता, आणि नजर आधी बेरजेवरच गेली. औषध: अकरा हजार सातशे चौऱ्याण्णव.

"आई! काय झालं तुम्हाला? कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग औषधाला पावणेबारा हजार?"

वसुमतीबाईंनी पदराआडून नवाकोरा मोबाइल काढला. चांगला पाटीएवढा. "जुन्यावर अक्षरं दिसत नव्हती. डोळ्यांवर ताण यायचा. अकरा हजार चारशे नव्याण्णव. स्टेशनजवळच्या दुकानातून, शैलेश होता बरोबर."

"अहो, पण मोबाइल औषधात कसा?"

"डोळ्यांसाठी घेतला ना? मग डोळ्यांचं ते औषधच. तुझ्या यादीत मोबाइल असा प्रकारच नाही. मी सगळी यादी खालीवर पाहिली. पेट्रोलमध्ये टाकायचा होता का?"

"'इतर' आहे ना!"

"'इतर' मध्ये शैलेश टाकतो. काय टाकतो देव जाणे. माझा मोबाइल मी त्यात नाही टाकणार."

नीलमने शैलेशकडे पाहिलं. तो पेपर वाचत होता, पेपर किंचित थरथरत होता.

"आणि हे घरखर्चात धरायचं?" तिने विचारलं. "साडेअकरा हजार?"

"लिहिलं तर मिळणार, असा नियम आहे ना?" वसुमतीबाई म्हणाल्या. "मी लिहिलंय."

नीलमने डोळे मिटले, दहापर्यंत मोजलं, आणि मग बँकेचं ॲप उघडलं. पैसे वळते झाल्याचा मेसेज नव्या मोबाइलवर टिंग करून वाजला. वसुमतीबाईंनी तो हात लांब न करता, चष्मा न लावता वाचला आणि उठून चहाचं आधण ठेवलं. नीलम शीटपाशी बसून प्रकारांच्या यादीत नवी ओळ घालत होती. 'मोबाइल' लिहिलं, खोडलं, 'वस्तू' लिहिलं, तेही खोडलं.

"शैलेश," ती म्हणाली, "तो पेपर खाली ठेव. आणि 'इतर' मध्ये या महिन्यात तीन हजार दोनशे कसले, ते सांग आधी."